तिच्या देशाचं वर्ष आणि माझं एक खोटं

‘मला इंग्रजी कळत नाही’ हे वाक्य मी इंग्रजीत फार चांगलं बोलते. बसमध्ये, दवाखान्यात, कौन्सिलच्या खिडकीवर, सगळीकडे. ते बोललं की समोरचा माणूस गप्प होतो किंवा सुनेकडे बघून बोलायला लागतो, आणि माझी सुटका होते. पण इतकी वर्षं लंडनच्या कडेला हाउन्सलोत राहून मला इंग्रजी बरंच कळतं. बोलायची लाज वाटते, म्हणून बोलत नाही. या वाक्याच्या आड लपून मी एकदा खोटं बोलले, आणि त्याचा दोष वर्षभर एका मुलीच्या माथी राहिला. ते मला लिहून काढायचं आहे. कुणाला दाखवायचं नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. नवरा गेल्यावर मुलाने इकडे आणलं. घरात बसून दिवस जात नव्हता, म्हणून सुनेच्या ओळखीने कपडे धुण्याच्या कारखान्यात लागले. विमानतळाच्या आसपास पुष्कळ हॉटेलं आहेत. त्यांच्या चादरी आमच्याकडे येतात. धुऊन झाल्या की मोठ्या गरम रुळातून इस्त्री होऊन बाहेर पडतात. दुसरीकडे घड्या घालायलाही यंत्र असतं म्हणे, पण आमच्या मालकाने ते घेतलेलं नाही. आमच्याकडे दोन दोन बायका घड्या घालतात. एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन. मागे सरून ताणायचं, मग चालत एकमेकींकडे यायचं, आपले कोपरे तिच्या हातात द्यायचे आणि खालची घडी उचलायची. परत मागे. दिवसभर एका माणसाच्या अगदी तोंडाशी जायचं आणि लांब व्हायचं. त्यामुळे जोडीदारीण चांगली मिळावी लागते.

माझी जोडीदारीण बोलिव्हियाची होती. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, बुटकी, दोन वेण्या घालून त्या मागे एकत्र बांधायची. मला ‘सेन्योरा’ म्हणायची, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘बाई’. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं, म्हणून तिच्यापुढे मला लाज वाटायची नाही. आम्ही दोघी जे इंग्रजी बोलायचो ते तिसऱ्या कुणाला कळलं नसतं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

तो देश कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. माझी नात इथेच जन्मली, तिने मला टॅबवर नकाशा दाखवला. म्हणाली, “आजी, हा देशला समुद्र नाहीये.” दुसऱ्या दिवशी घडी घालताना मी जोडीदारणीला विचारलं, तुमच्याकडे समुद्र नाही का?

“होता. शेजाऱ्याने घेतला.”

“समुद्र कसा काय घेतील?”

“माझ्या पणजोबालाही तेच कळलं नाही. पण आरमार आहे आमच्याकडे अजून.”

“समुद्र नाही तर आरमार काय करतं?”

“वाट बघतं,” असं म्हणून ती इतकी हसली की चादर खाली पडली. सुपरवायझर पंजाबी बाई, साउथॉलची. तिने लांबून आवाज टाकला, “आंटीजी, देश बाद में चलाना, पहले चादर चलाओ!”

त्या वर्षी ऑक्टोबरात तिच्या देशाची निवडणूक होती. तिथे मत देणं सक्तीचं आहे, आणि परदेशात राहणाऱ्यांनाही मत देता येतं. रविवारी ती लंडनमध्ये जाऊन मत देऊन आली. सोमवारी तिने मला एक छोटा कागद दाखवला, मत दिल्याचा पुरावा. मी म्हटलं, आमच्याकडे बोटाला शाई लावतात. तिला ते आवडलं. म्हणाली, कागद हरवतो, बोट हरवत नाही.

मग तिथे भांडण लागलं. मतमोजणीत गडबड झाली असं निम्मे लोक म्हणत होते, निम्मे म्हणत होते झाली नाही. तिथला राष्ट्राध्यक्ष पुष्कळ वर्षं खुर्चीवर होता. माझ्या जोडीदारणीला तो आपला वाटायचा. “तो आमच्यासारखा दिसतो,” असं ती सांगायची. “माझ्या आईसारखे घागरे घालणाऱ्या बायका आधी सरकारी कचेरीत गेल्या की त्यांना बाहेर थांबवायचे. याच्यानंतर आत बसवायला लागले.” तिची मुलगी मात्र उलट बाजूची. मुलगी लहानपणीच आईबरोबर इथे आली, शिकली, आता ब्रिस्टलला नोकरी करते. तिचं म्हणणं, माणूस चांगला असो की वाईट, खुर्ची सोडायला शिकला पाहिजे. ती झेंडा घेऊन लंडनच्या मोर्चाला आली होती. मायलेकींचं त्यावरून फोनवर वाजायचं, आणि दुसऱ्या दिवशी चादर ताणताना तिचे हात जरा जास्तच जोरात ओढायचे. मी म्हणायची, “हळू, फाटेल.” ती म्हणायची, “फाटू दे. सगळंच फाटतंय.”

नोव्हेंबरात तो राष्ट्राध्यक्ष खुर्ची सोडून देशाबाहेर गेला. त्या दिवशी ती रडली. तिची मुलगी खूश होती, त्याचं तिला जास्त लागलं. त्यानंतर तिच्या बाजूच्या लोकांनी रस्ते अडवले. तिची म्हातारी आई मुलाकडे, म्हणजे तिच्या भावाकडे, राजधानीच्या वरच्या अंगाला जे शहर आहे तिथे राहायची. तिथून पेट्रोल खाली जाईना, खालून भाजी वर येईना. मला रोज सकाळी बातमी मिळायची. आज कोंबडी नाही. आज अंडी नाहीत. आज गॅस नाही, आई शेजारणीकडे लाकडावर रांधते. जेवणाच्या सुट्टीत ती डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. मी माझ्यातली भाकरी पुढे करायची. दोन घास घ्यायची माझ्या समाधानासाठी.

फोन आमच्या लॉकरमध्ये ठेवावे लागतात. माझा गुडघा दुखतो म्हणून सुपरवायझर मला पाच मिनिटं आधी सोडायची. मी जाऊन आम्हा दोघींचे डबे मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची. जाता जाता लॉकरमधून माझा फोन काढून घ्यायची. हे तिला माहीत होतं, म्हणून तिने माझा नंबर मुलीला देऊन ठेवला होता. अगदीच काही झालं तर म्हणून.

त्या दिवशी साडेबाराला पाच कमी असताना फोन वाजला. ब्रिस्टलची मुलगी होती. मी एरवी अनोळखी नंबर उचलत नाही, पण तिचं नाव माझ्या नातीने फोनमध्ये घालून दिलं होतं.

ती मुलगी रडत होती, पण मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलली. आजी गेली. रात्री उशिरा गेली, म्हणजे इथली पहाट. आई तेव्हा सहाच्या शिफ्टला निघाली होती, मग फोन लॉकरमध्ये. कारखान्याच्या ऑफिसात दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. आजीला गावाकडे पुरायचं आहे आणि गावचा रस्ता अडवलेला आहे. अडवणाऱ्यांनी आज सकाळी एकच गाडी सोडायचं कबूल केलंय, तिथल्या नऊला. म्हणजे इथल्या एकला. त्याआधी पेटी बंद होणार. आईला आत्ता सांगा, मामाला फोन करायला सांगा, मामा फोन आजीच्या कानाशी धरून उभा राहणार आहे. हे सगळं तिने दोनदा सांगितलं.

मी म्हटलं, “येस, डियर. वन ओ’क्लॉक.”

“थँक यू, आंटी,” म्हणाली.

मला सगळं कळलं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

कानाशी फोन म्हणजे काय, तेही मला माहीत होतं. तिच्या घरची ती रीत होती. जो लांब आहे त्याचा आवाज पेटी बंद व्हायच्या आधी गेलेल्याच्या कानात घालायचा, माफी मागायची आणि निरोप द्यायचा. चुलता वारला तेव्हा तिने तसं केलं होतं, मला सांगितलं होतं. आणि आईची माफी मागायची तिला फार गरज होती. ती देश सोडून निघाली तेव्हा आईला सांगून निघाली नव्हती. बाजारात जाते म्हणाली आणि लहान मुलीला घेऊन विमानात बसली. सांगितलं असतं तर आईने जाऊ दिलं नसतं. त्यावर मायलेकी कधी बोलल्या नाहीत. “एकदा जाईन, समोर बसेन आणि बोलेन,” असं ती म्हणायची.

भोंगा झाला. बायका आत आल्या. ती आली, आणि ती हसत होती. कितीतरी आठवड्यांनी. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “सेन्योरा, काल आईला गॅस मिळाला! भाऊ तीन तास रांगेत होता. सिलिंडर डोक्यावर घेऊन चढ चढून आला, माझा भाऊ, ज्याला चहाचा कप उचलवत नाही! आई म्हणाली, आता सूप करते.” आणि तिने डबा उघडला. त्यांच्याकडचे ते काळे वाळवलेले बटाटे होते, उकडलेला मका होता. तिने माझ्या डब्यातली भाकरी न विचारता मोडून घेतली.

मी माझी उरलेली भाकरीही तिच्याकडे सरकवली.

आमच्याकडे जेवत्या माणसाला अशी बातमी सांगत नाहीत. घास घशाखाली उतरू देतात. पुढे दोन दिवस पोटात काही जाणार नाही हे माहीत असतं, म्हणून आधी खाऊ देतात, पाणी देतात, मग कुणीतरी मोठं माणूस शेजारी येऊन बसतं. आणि तेव्हाही गेला असं म्हणत नाहीत. जास्त आहे म्हणतात, बोलावलंय म्हणतात. मी लहानपणापासून हेच बघितलं. मरणाची बातमी मी स्वतः कधी कुणाला दिलेली नव्हती. ती द्यायला गडीमाणसं असायची. मी स्वतःला म्हटलं, दोन घास खाऊ दे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जेवतेय. पाच मिनिटांनी सांगते.

माझ्यावर हीच रीत चाललेली आहे, म्हणून मला तर कळायला हवं होतं. नवरा कामावर असताना पडला तेव्हा दिराने मला एवढंच सांगितलं की जरा जास्त आहे, दवाखान्यात ठेवलंय. मी त्यांच्यासाठी मऊ भात आणि मेतकूट डब्यात बांधून घेतलं. एसटीत पाच तास तो डबा मांडीवर धरला, कलंडू नये म्हणून. दवाखान्याच्या दारात सगळे उभे होते आणि कुणी माझ्या हातातल्या डब्याकडे बघत नव्हतं. तो डबा मी कुठे ठेवला, मला आठवत नाही. पण पाच तास मला वेड्यात काढलं याचा राग अजून आहे. तरीही मी तेच केलं.

कॅन्टीनच्या भिंतीवर घड्याळ आहे. पावणेएक झाला. ती भावाची नक्कल करत होती, सिलिंडर घेऊन कसा धापा टाकत आला असेल ते. शेजारच्या टेबलावरच्या बायका हसत होत्या. एकला दहा कमी. मी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. एकला पाच कमी. तिने डबा पुसून काढला, माझ्या भाकरीच्या तुकड्याने. मग मी म्हटलं, “तुझ्या मुलीचा फोन होता. आई बरी नाही तुझी. भावाला फोन कर.”

बरी नाही. तेवढंच बोलले.

तिचा चेहरा उतरला, पण ती धावली नाही. बरी नाही म्हणजे खोकला असेल, थंडी आहे, लाकडाचा धूर. सुपरवायझरकडे गेली, फोन करायला दहा मिनिटं मागितली. सुपरवायझर म्हणाली, “जा, पण पटकन ये.” लॉकरपाशी गेली. किल्ली शोधली. मी कॅन्टीनमध्येच बसून राहिले. मला जाता आलं असतं. मागून जाऊन सांगता आलं असतं की आजारी नाही, गेली आहे, आत्ता लाव. मी दोन्ही डबे धुतले.

एक वाजून सात मिनिटांनी भाऊ लागला. गाडी निघालेली होती. पेटी बंद होती. भाऊ पुढे बसला होता, त्याने तिला ओरडून काहीतरी सांगितलं आणि माळावर गेल्यावर फोन तुटला. मग परत लागला नाही.

ती लॉकरखोलीत जमिनीवर बसलेली होती. बायका भोवती गोळा झालेल्या. मला बघून तिने विचारलं, “माझ्या मुलीने तुला काय सांगितलं? भाऊ म्हणतो मुलीने वेळेत निरोप दिला. काय सांगितलं?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आणि माझ्या तोंडातून ते वाक्य आलं. “मला इंग्रजी कळत नाही.” आणखी म्हटलं, “ती फार भरभर बोलली. मला वाटलं आजारी आहे.”

सुपरवायझरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “इनको क्या समझेगा बेचारी को.” आणि माझ्या जोडीदारणीने खाली बसल्या बसल्या माझा हात धरला आणि म्हणाली, तुझी चूक नाही सेन्योरा, तू रडू नकोस.

त्या रात्री मायलेकींचं मोठं भांडण झालं. मला ते दुसऱ्या दिवशी घडी घालताना कळलं. तिने मुलीला विचारलं, एका अडाणी बाईला तू एवढं महत्त्वाचं भरभर का सांगितलंस? मुलगी म्हणाली, मी हळू सांगितलं, दोनदा सांगितलं, तिला सगळं कळलं होतं. आई म्हणाली, खोटं बोलू नकोस, ती बाई मी रोज बघते. मग जुनं सगळं निघालं. तू झेंडे घेऊन नाचत होतीस, तुला आजीचं काय पडलंय. तुझ्या लोकांनी रस्ते अडवले नसते तर मी तिकीट काढून गेले असते, असं मुलगी म्हणाली. आईने फोन ठेवला. मुलीने पुन्हा केला नाही.

“तुला अडाणी म्हटलं मी. माफ कर. तुझी बाजू घ्यायला म्हटलं,” असंही ती मला म्हणाली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. चादरीचे कोपरे तिच्या हातात देताना आमची तोंडं हातभर अंतरावर असायची. मी रोज ठरवायची, या चादरीला सांगते. मग पुढच्या चादरीला. नाताळ आला. मुलगी आली नाही. तिने घरी एकटीने सूप केलं आणि मला एक डबाभर आणून दिलं. मी ते घरी नेलं. सून म्हणाली, “आई, छान आहे हो, तुम्ही नाही घेत?” मी म्हटलं, मला तिखट झालं. त्यात तिखट नव्हतंच.

मार्चमध्ये साथ आली. विमानं थांबली, हॉटेलं बंद झाली, चादरी यायच्या थांबल्या. आम्हाला घरी बसवलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. तोंड बघायला नको. सगळं जग काळजीत होतं आणि मी सुटल्यासारखी झोपत होते, याची वेगळी लाज. ती आठवड्यातून एकदा फोन करायची. तिकडची निवडणूक पुन्हा व्हायची होती, ती पुढे ढकलली, मग आणखी पुढे ढकलली. परत रस्ते अडवले. दवाखान्यात जागा नव्हती, प्राणवायू नव्हता. भाऊ आजारी पडला आणि उठला. सगळं मला सांगायची. शेवटी विचारायची, “तुझी नात कशी आहे?” आणि मी म्हणायची, बरी आहे. तिच्या मुलीचं मी विचारायची नाही.

एकदा नातीने बाजूला बसून आमचं बोलणं ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, “आजी, तू तर सगळा इंग्लिश समजतो!” मी तिला म्हटलं, गप, बाबाला सांगू नकोस. ती म्हणाली, “का? गुड आहे ना?” मी उठून चहा ठेवायला गेले.

पुढच्या ऑक्टोबरात तिकडे अखेर मतदान ठरलं. कारखाना अर्धा सुरू झाला होता. ती म्हणाली, सेन्योरा, रविवारी माझ्याबरोबर चल. मुलगीही मत द्यायला ब्रिस्टलहून येईल, तिला यावंच लागेल. तिथे भेटली आणि मी एकटी असले तर भांडेन. तू असलीस तर भांडणार नाही.

मी गेले. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

रांग मोठी होती, लांब लांब उभी केलेली, तोंडं झाकलेली. ती प्रत्येक मुलीच्या डोळ्यांकडे बघत होती. मी रस्त्यापलीकडे एका भिंतीच्या कट्ट्यावर बसले. दीड तासाने ती तो छोटा कागद हातात घेऊन बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.

“आली होती,” म्हणाली. “रांगेतल्या एकीने सांगितलं. सकाळी दार उघडायच्या आधी येऊन उभी होती. मत दिलं आणि गेली. मी भेटू नये म्हणून.” कागदाची तिने बारीक घडी घातली, अजून बारीक, मग आणखी घडी घालता येईना. “माझीच मुलगी आहे. न सांगता निघून जायचं माझ्याकडूनच शिकली. पण मी तिला एकच म्हणत होते, एवढंच कबूल कर की तू घाईत सांगितलंस. तेवढंसुद्धा कबूल करत नाही.”

मी म्हटलं, “तिने घाईत नाही सांगितलं.”

तिला आधी कळलं नाही. मग मी तिच्या मुलीचे शब्द तिला इंग्रजीत म्हणून दाखवले, जसेच्या तसे. आजी गेली. एकच गाडी. नऊ म्हणजे एक. फोन कानाशी. वर्षभर ते माझ्या डोक्यात होते, एकही शब्द विसरले नव्हते. म्हटलं, मला सगळं कळलं होतं. तू जेवत होतीस, हसत होतीस. आमच्याकडे जेवताना सांगत नाहीत. मग मला भीती वाटली आणि मी खोटं बोलले.

तिने माझ्याकडे वळून बघितलं. मास्कमुळे नुसते डोळे दिसत होते. म्हणाली, “मी तेव्हा भावाची नक्कल करत होते.”

“हो.”

“आणि तू घड्याळ बघत होतीस.”

“हो.”

तिने फोन काढला. मला वाटलं ती उठून जाईल. तिने मुलीचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. “तू सांग. इंग्रजीत सांग. तुला येतं.”

घंटी वाजत होती तेव्हा मला वाटलं, उचलू नये तिने. तिने उचलला. आईचा नंबर बघून पहिलाच शब्द त्यांच्या भाषेत बोलली. मी माझं सांगितलं की मी कोण. मग म्हटलं, त्या दिवशी तू नीट बोललीस. मला सगळं समजलं. मी तुझ्या आईला खोटं सांगितलं. तुझी चूक नाही, माझी. सॉरी. माझं इंग्रजी कसं होतं माहीत नाही, पण मी मध्ये थांबले नाही.

ती मुलगी म्हणाली, “मला माहीत आहे, आंटी. तुम्ही ‘वन ओ’क्लॉक’ म्हणाला होतात. मी आईला तेही सांगितलं होतं.” मग म्हणाली, “तिने तुमच्यावर विश्वास ठेवला.”

ती चिडून बोलली असती तर सोपं गेलं असतं. मी फोन आईकडे दिला. ती उठून चालत गेली, बोलत बोलत, एक हात भिंतीला लावून. वळणावर थांबली, पाठ माझ्याकडे करून बराच वेळ उभी होती. मग स्टेशनच्या बाजूला वळली. मी तिथेच बसून राहिले, ती परत येईल म्हणून नाही, तर तिच्या मागे लगेच गेले तर एकाच गाडीत बसावं लागेल म्हणून. पिकॅडिली लाइनच्या गाडीने मी पहिल्यांदा एकटी घरी आले. मुलाला वाटलं चुकले असेन. तो स्टेशनवर उभा होता. “आई, फोन का नाही केलास? कुणाला तरी विचारायचं ना.” मी म्हटलं, विचारलं. इंग्रजीत विचारलं.

सोमवारी मला वाटलं, तिने जोडी बदलून मागितली असेल. मागितली होती. सुपरवायझर म्हणाली, माणसं अर्धी आहेत, बदलायला आहे कोण. म्हणून आम्ही अजून एकाच चादरीला आहोत. ती कोपरे ताणते, चालत येते, माझ्या हातातले घेते, मागे जाते. काम चोख करते. ‘सेन्योरा’ म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. चादर संपली की मानेने खूण करते. जेवायला ती दुसऱ्या टेबलावर बसते. मी माझा एकटीचा डबा गरम करते. परवा तिच्या टेबलावरच्या बाईने विचारलं म्हणून मला ऐकू आलं की मुलगी महिन्यातून एकदा येते, राहते. बरं वाटलं. विचारायचा हक्क मला नाही, तो मी मागतही नाही.

तिच्या देशात त्या मतदानानंतर काय झालं, ते मला तिने सांगितलं नाही. नातीने टॅबवर बघून सांगितलं की नवा राष्ट्राध्यक्ष आला, माझ्या जोडीदारणीच्या बाजूचाच. मग म्हणाली, “आजी, तुझी फ्रेंड खूश झाली असेल ना?”

मी म्हटलं, झाली असेल.